बाहेर देऊ नये

ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या माणसाला लोक हमखास म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची, बसल्या बसल्या वाचायला मिळतं!" दत्तात्रेय मोकलला एकोणतीस वर्षांत हे वाक्य किती जणांनी ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही, आणि दर वेळी त्याला वाटलं, की हातातली जाडजूड नोंदवही ह्याच्या टाळक्यात घालावी. कसलं वाचन आणि कसली मजा! सकाळी साडेसातला थळच्या नाक्यावर मिनिडोर रिक्षामध्ये स्वतःला कोंबून घ्यायचं, आठला कॉलेजचं ग्रंथालय उघडायचं, झाडूवाली आली नाही तर स्वतःच झाडू मारायचा, मुलांनी विस्कटलेली पुस्तकं नंबरवार लावायची, पावसाळ्यात भिंतीची ओल पुसायची. आणि एवढं करून संध्याकाळी कुणीतरी येऊन विचारणार, "मोकलकाका, ते निळ्या कव्हरचं पुस्तक कुठंय?" नाव नाही, लेखक नाही, निळं कव्हर! सापडतही असे ते त्याला, हीच तर रड. एकदा शोधून दिलं की पुढच्या वेळी लोक हिरव्या कव्हरचं मागायचे.

पदाचं नाव ग्रंथालय परिचर. ग्रंथपाल बदलतात, प्राचार्य बदलतात, परिचर तोच राहतो. येत्या मे महिन्यात दत्तात्रेय निवृत्त होणार होता आणि सरळच सांगायचं तर तो थकला होता. गुडघे थकले होते, डोळे थकले होते, आणि आतूनही तो थकला होता. रजा पुष्कळ शिल्लक होत्या, पण घेऊन करायचं काय? घरी बसला की बायको नारळ सोलायला लावते.

ह्या माणसाच्या आयुष्यात अभिमानाची गोष्ट म्हणाल तर एकच, आणि तीही अशी की घरी सांगितली तर बायको नुसतं "हं" म्हणते. कॉलेजच्या चारशे अठरा डीव्हीडी. त्या त्यानं सांभाळल्या, आणि त्याच्या हातात आल्यापासून एकही हरवू दिली नाही.

त्याचं असं झालं. सोळाएक वर्षांपूर्वी कॉलेजला वरून अनुदान आलं आणि खोकी भरभरून डीव्हीडी आल्या. ज्वालामुखी कसा फुटतो, पेशी कशी दुभंगते, इंग्रजी उच्चार कसे करावेत, मेंदूची शस्त्रक्रिया कशी होते. आता खाडीकाठच्या कला-वाणिज्य कॉलेजात मेंदू उघडून बघणारं कोण होतं, पण यादीत होती म्हणून तीही आली. तेव्हाच्या ग्रंथपालांनी हौसेनं सगळ्या मोकळ्या रॅकवर मांडल्या. महिन्याभरात सात डब्या रिकाम्या निघाल्या. डबी जागच्या जागी, आतली डिस्क पसार. ग्रंथपालांनी दत्तात्रेयला बोलावलं आणि म्हणाले, "मोकल, आजपासून हे तुझ्या गळ्यात."

गळ्यात पडलेलं काम अंगाला लावून घ्यायचं ही त्याची जुनी खोड. त्यानं रॅकवर फक्त रिकाम्या डब्या ठेवल्या. डिस्का काढून कागदी पाकिटांत घातल्या आणि लोखंडी कपाटात नंबरवार लावल्या. ज्याला हवी त्यानं डबी घेऊन देवघेवीच्या टेबलाशी यायचं, ओळखपत्र ठेवायचं, मग दत्तात्रेय कपाट उघडून डिस्क देणार. परत आली की ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे बघणार आणि मगच ओळखपत्र परत.

तरी एक महाभाग निघालाच. त्यानं मेंदूच्या शस्त्रक्रियेची म्हणून जी डिस्क परत केली तिच्यात नाचगाणी निघाली. खरी डिस्क दत्तात्रेयला त्याच्या घरी जाऊन वसूल करावी लागली. पुस्तकाचं बरं असतं. पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, शिवाय एक गुप्त पान ठरलेलं असतं, ह्या ग्रंथालयात एकावन्नावं, त्याच्या तळाशी बारीक अक्षरात नंबर. चोरानं कव्हर फाडून टाकलं तरी एकावन्नावं पान चुगली करतं. डीव्हीडीला कसलं आलंय पान? दत्तात्रेयनं मार्करनं नंबर टाकून पाहिले, तर कुणीतरी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून दाखवले. मग मात्र तो इरेला पेटला.

कॉलेजात तो मुळात लागला होता रोजंदारीवर, पुस्तकं बांधायला. खळ शिजवावी तर मोकलनं, असं तेव्हाचे लोक म्हणायचे. मैदा, पाणी, त्यात चिमूटभर मोरचूद, आणि मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं. मोरचूद असलं की कसर लागत नाही, वाळवी फिरकत नाही. त्यानं तीच खळ शिजवली. पांढरे कागद गोल कापले, ब्लेडनं मधली भोकं पाडली, काळ्या शाईत नंबर लिहिले आणि एकेका डिस्कच्या छापील बाजूवर असे चिकटवले की नखानं उचकटायला गेलं तर कागद फाटेल पण सुटणार नाही. वरून कॉलेजचा शिक्का, अर्धा कागदावर, अर्धा डिस्कवर. पुढेही जी जी डीव्हीडी आली तिला हाच संस्कार. अडीच महिने लागले पहिल्या खेपेला. काम असं झालं होतं की नाव ठेवायला जागा नाही. ग्रंथपालांनी पाठीवर थाप मारली. त्या थापेवर हा माणूस पुढची किती वर्षं जगला म्हणून सांगू!

मग जग बदललं. पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले, आणि शेवटी कॉलेजात जे नवे संगणक आले त्यांना डिस्क घालायला खाचच नव्हती. कपाट मात्र होतं. असून अडचण, नसून खोळंबा. दर मे महिन्यात पडताळणी असे, तेव्हा दत्तात्रेय पाकिटं मोजायचा, पाकिटावरचा नंबर वहीशी ताडायचा आणि पुढे सरकायचा. उघडून डिस्क बघायची वेळ कधी आली नाही, कारण कुणी मागितलीच नाही. दमट हवेवर उपाय म्हणून त्यानं कपाटात पिवळा बल्ब लावला होता, त्याची ऊब राहायची. वीज वाचवायची मोहीम आली तेव्हा वीजवाले तो काढून तिथे पांढरा एलईडी लावून गेले. छान उजेड पडतो, ऊब शून्य. निसर्ग वादळात छपराचे पत्रे उडाले तेव्हा शेजारच्या माडांची पर्वा न करता हा ताडपत्री घेऊन कपाट झाकायला धावला होता. बायको त्यावरून अजून टोमणे मारते, "आपल्या घराचे कौले उडालेले, आणि हे सीडीला पांघरून घालीत व्हते."

ह्या वर्षी दिवाळीनंतर नूतन मॅडमनी विषय काढला. नूतन मॅडम म्हणजे नव्या ग्रंथपाल, पनवेलहून रोज येणाऱ्या. वयानं दत्तात्रेयच्या मुलीएवढ्या, पण त्याला कधी एकेरी हाक नाही.

"मोकलकाका, फेब्रुवारीत कॉलेजच्या तपासणीला समिती येतेय. ते डीव्हीडीचं कपाट काढावं म्हणतायत प्राचार्य सर. निर्लेखन करून टाकू. तुम्ही यादी तेवढी करा."

निर्लेखन म्हणजे बाद करणं. दत्तात्रेय "बरं" म्हणाला. वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. उलट मनात आलं, चला, एक ओझं कमी. यादी करायला बसला, चार दिवसांत अडीचशेपर्यंत आला, आणि पाचव्या दिवशी विनिता आली.

पन्नाशीची बाई, उन्हातून आलेली, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. दारातूनच म्हणाली, "दत्ताभाऊ, वलखलात का? मी विनिता. कमळबायची."

कमळबाय! तिला कोण ओळखत नव्हतं? पूर्वी आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. मांडव घालायचा तर धवला, हळद दळायची तर धवला, नवरी घराबाहेर काढायची तर धवला. कमळबाय ह्या सगळ्या पट्ट्यातली मोठी धवलारीण. अक्षरओळख नाही, पण मेढ रोवल्यापासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी ओळीनं तोंडपाठ. तिच्यामागून कुणी शिकलं नाही, डीजे आले. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

"पोरीचं लगीन हाय, आरोहीचं," विनिता म्हणाली. "ती म्हणते, मना हळदीला आजीचाच धवला पायजे, दुसरा काय नको. घरात कोनाच्या मोबाइलमध्ये न्हाय. तुमच्याकडं ती सीडी हाय ना? येत्या रविवारी हळद हाय."

होती. नंबर दोनशे त्र्याहत्तर. ती डीव्हीडी विकत आलेली नव्हती. मराठीचे चांगदेव सर होते, त्यांनी कमळबायच्या अंगणात बसून आपल्या कॅमेऱ्यावर तिची सगळी गाणी उतरवली होती आणि एक डिस्क कॉलेजला दिली होती. देताना कमळबाय त्यांच्याबरोबर ग्रंथालयात आली होती. तिनं बजावलं, "ह्या माज्या गान्याला डीजेवाले ढोल लावतील न् बाजारात इकतील. कोनाला बाहेर देऊ नका." सरांनी तिच्यासमोर डबीवर लाल शाईनं लिहिलं: बाहेर देऊ नये. दत्तात्रेयनं तेच वहीत उतरवलं.

आणि हे त्यानं पाळलं, अगदी अक्षरशः. मुंबईहून दोघे जण संशोधन करतो म्हणून आले, त्यांना दिली नाही. चांगदेव सरांच्याच विद्यार्थ्याला दिली नाही. अकरा वर्षांपूर्वी खुद्द कमळबाय आली. दम लागायला लागला होता तिला, लग्नांना जाणं सुटलं होतं. म्हणाली, "बाबा, त्याची एक कापी दे मना. नातीसाठी ठेवीन." दत्तात्रेयनं वही उघडून तिला तिचीच अट वाचून दाखवली. ती म्हणाली, "अरे, आवाज माजाच हाय ना तो?" तो म्हणाला, "व्हय कमळबाय, पन नियम पन तुमचाच हाय."

आता तुम्ही म्हणाल, काय हा दगड! पण त्या वेळी ग्रंथपालाची जागा रिकामी होती. वाणिज्यचे एक प्राध्यापक प्रभारी होते, ते कशावर सही म्हणून करायचे नाहीत. दत्तात्रेयची कायम होण्याची फाइल तेव्हाच वर गेलेली. गरीब माणसाला नियम मोडण्याची चैन परवडत नाही. त्यानं तिला तिथंच बसून ऐकायला दिलं, तेवढी सवलत नियमात होती. ऐकून ती गेली. वहीत नोंद आहे, वाचनकक्षात वापर, एक. त्या डिस्कचा तेवढा एकच वापर.

आज विनिता समोर उभी होती. "मॅडमना इचारतो," म्हणाला.

नूतन मॅडमनी मान वर करूनही पाहिलं नाही. "अहो काका, मग द्या ना! त्यांच्या आईचा आवाज आहे. कॉपी कशाला, डिस्कच देऊन टाका, नाहीतरी बाद करतोय."

एवढं सोपं होतं ते. एक वाक्य. दत्तात्रेयला अकरा वर्षांपूर्वीचा तो प्रभारी आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. तो बाहेर येऊन विनिताला म्हणाला, "बाय, उद्या ये. मी लावून बघतो न् देतो. मोबाइलमध्ये पन घालून देतो." विनिताच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की त्याचा वर्षभराचा शीण गेला. पत्रिका देऊन ती गेली.

त्यानं कपाट उघडलं. दोनशे त्र्याहत्तरचं पाकीट काढलं आणि कैक वर्षांनी डिस्क बाहेर ओढली.

कागद पिवळा पडला होता, त्यावर काळपट-हिरवी बुरशी चढली होती. खळीला दरसाल पावसाळ्यात ओल धरायची, दर उन्हाळ्यात ती वाळायची, आणि वाळता वाळता कागद आकसला होता. त्यानं डिस्कच ओढून वाकवली होती. किंचितच, पण टेबलावर ठेवली की डुगडुगत होती. कडेला तिचे दोन पापुद्रे सुटले होते आणि आत दुधाळ डाग पसरला होता. दत्तात्रेयनं ती ट्यूबलाइटखाली धरली. ओरखडा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी घरून डिस्क वाचायचं छोटं यंत्र आणलं. घर्र झालं, मग खट, मग पुन्हा घर्र, पुन्हा खट. पडद्यावर अक्षरं आली: कृपया डिस्क घाला. मॅडमनी चार वेळा काढून घातली. मग दुसरी लावली, तिसरी लावली. बारा लावून पाहिल्या. दोन उघडल्या, त्याही वाटेत अडखळून बंद पडल्या.

"काका, हा कागद कुणी लावला?"

"मी," तो म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, हे सांगायलाच हवं.

मॅडमनी डिस्क टेबलावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्याच्यावर कागद चिकटवत नाहीत, काका. फिरताना तोल जातो. आणि ओला गोंद तर अजिबातच नाही, आपल्याकडच्या हवेत तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"सगळ्यांना लावलाय," दत्तात्रेय म्हणाला.

"हो. दिसतंय."

"मना कोनी सांगितलं न्हाय, मॅडम. सोळा वर्षांत कोनीच न्हाय."

कोण सांगणार? ग्रंथपालांनी पाठीवर थाप मारली होती. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ना, ते असं. पण कुंपणाला निदान खाल्ल्याचं कळतं. ह्याला वाटत होतं आपण राखतोय.

तरी त्यानं हातपाय हलवले. चांगदेव सर कोरोनात गेले होते, त्यांच्या मुलाला पुण्याला फोन लावला. तो भला माणूस, पण म्हणाला, "काका, घर विकलं तेव्हा बाबांच्या कॅसेटी-बिसेटी सगळ्या भंगारात दिल्या हो. आम्हाला काय माहीत." मग अर्धी रजा टाकून अलिबागला अल्पेशच्या दुकानात गेला. अल्पेश संगणक दुरुस्त करतो, गेलेले फोटो परत काढून देतो, त्याचं नाव आहे. त्यानं डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. कागद वाफेवर सोडवला, पुसली, दाबून सरळ केली, तीन यंत्रांत घालून पाहिली. शुक्रवारी दत्तात्रेय गेला तेव्हा त्यानं ती रुमालात गुंडाळून हातात दिली.

"काका, खोटा कशाला बोलू? हेच्यात आता काय नाय. आधी पाच-सहा वरस आनली असती ना, तर काढून दिला असता."

रविवारी हळद. विनिता दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा त्यानं "थोडं काम बाकी हाय" म्हणून तिला परतवलं होतं. शनिवारी सकाळी तो यादी पुरी करत बसला. नूतन मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, मी सांगू का? वादळात भिजली म्हणून सांगा. छप्पर उडालंच होतं. सगळ्यांचंच काही ना काही गेलं तेव्हा. त्या बाईलाही बरं वाटेल, तुम्हालाही."

सांगायला सोपं होतं. पटण्याजोगंही होतं. दत्तात्रेयनं "बघतो" म्हटलं, यादी बंद केली आणि दुपारच्या मिनिडोरनं विनिताच्या गावाला निघाला. वाटेत त्यानं वादळाची गोष्ट मनात नीट जुळवली सुद्धा. ताडपत्री कशी उडाली, पाणी कसं आत गेलं. गावाच्या नाक्यावर उतरल्यावर मात्र त्याला आठवलं. त्या वादळात एकटं ते कपाट तेवढं कोरडं राहिलं होतं, आणि हे त्यानं सगळ्या गावाला छाती फुगवून सांगितलं होतं. विनितालाही.

दारात मांडव उभा होता, उंबराच्या डहाळ्या लावल्या होत्या. विनिता ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. आरोही, पनवेलच्या इस्पितळात नर्स आहे ती, पायरीवर बसून मोबाइलवर कुणाला तरी पत्ता समजावत होती. दत्तात्रेयला बघून तिनं फोन ठेवला. "आला का काका आजीचा धवला? स्पीकरवाल्याला मी सांगून ठेवलंय, डीजे नंतर, आधी आजी."

दत्तात्रेय बसला नाही. बसलो तर बोलणं होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"सीडी गेली, बाय."

"चोरीला?" विनितानं सूप खाली ठेवलं.

"न्हाय. कपाटातच व्हती. पहिल्यापासून तिथंच. माज्याच हातानं गेली." आणि त्यानं सगळं सांगितलं. खळ सांगितली, कागद सांगितला, अल्पेश सांगितला. वादळाचं नाव काढलं नाही. रुमालातली डिस्क काढून ओटीवर ठेवली. आरोहीनं ती उचलून उजेडात धरली, आणि तिचा चेहरा उतरला.

विनितानं ती तिच्या हातातून घेतली, उलटीपालटी करून पाहिली. मग तिचा आवाज चढला. "आय सोता आली तवा न्हाय म्हटलात. लोक मुंबईवरनं आले, त्यांना न्हाय म्हटलात. एकानं जरी नेली असती ना, तर आज कुठं तरी असती. मग राखलीत कोनासाठी, दत्ताभाऊ? सांगा की! कोनासाठी?"

अंगणात स्पीकरवाला वायरी ओढत होता, तोही थांबून बघायला लागला. दत्तात्रेय मान खाली घालून उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तरी त्यानं ऐकून घेतल्या असत्या.

विनितानं पदरानं तोंड पुसलं. मग तिनंच विचारलं, आता हळू, "त्या दिवशी आयनं ऐकला तरी का पुरता? घरी आली ती कायच बोलली न्हाय. आमी इचारलं तर आत जाऊन निजली."

"ऐकला" म्हणून मोकळं होता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं ते. पण खोटं बोलायलाही जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

"न्हाय, बाय. पुरता न्हाय ऐकला. मी कानाला हेडफोन लावून दिला. तिला सोताचा आवाज ऐकू आला न् ती त्याच्याबरोबर गायला लागली. मोठ्यानं. तिला काय माहीत, बाहेर कोनाला सीडी ऐकू येत न्हाय ते. पोरं हसायला लागली. वाचनकक्षात शांतता ठेवायची असते. मी गेलो न् तिला..." त्यानं बोट ओठांवर ठेवून दाखवलं. "असं केलं. ती गप्प जाली. हेडफोन काढून टेबलावर ठेवला न् उठून गेली."

विनिता त्याच्या त्या बोटाकडे बघत राहिली.

"तवापासून आय गायली न्हाय," ती म्हणाली. "घरात पन न्हाय. देवाफुडं पन न्हाय. आमी म्हटलं, गळा बसला म्हातारीचा."

दत्तात्रेय मटकन पायरीवर बसला. इथं बसायचा आपल्याला हक्क नाही हे त्याला कळत होतं. आरोही त्याच्या शेजारी सरकली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती, वाहत्या पाण्यातून हाताला लागेल ते धरून ठेवावं तशी.

"काका, पण तुम्ही थांबवायच्या आधी ती गायली ना? एखादी ओळ तरी? तुम्ही तिथंच होतात ना. कुठला धवला होता? एक ओळ सांगा फक्त, मी आत्ता रेकॉर्ड करते." आणि तिनं मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला.

दत्तात्रेयनं डोळे मिटले. सगळं दिसलं. कमळबायचं हिरवं लुगडं दिसलं, खुर्चीच्या कडेवर बसलेली ती दिसली, वरचा करकरणारा पंखा, वर्तमानपत्रातून डोकी वर काढून हसणारी पोरं, भिंतीवरची 'शांतता राखा'ची पाटी. तिचे ओठ हलताना दिसले. आवाजही होता, मोठा, मोकळा, अंगणातला आवाज. शब्द मात्र एकही येईना. त्यानं पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. मोबाइलवर लाल ठिपका लुकलुकत होता.

"न्हाय आठवत, बाय," तो म्हणाला. "मी ऐकतच नव्हतो. मी गप्प करत व्हतो."